निळं पुस्तक, पान एकसष्ट

"नाव आठवत नाही, लेखक आठवत नाही, मग आठवतंय तरी काय तुला?" व्हॅलने विचारलं.

"दगड," एरल म्हणाला. "निळं पुस्तक होतं. वर दगड. एकावर एक रचलेले. पाच."

व्हॅलने चष्मा कपाळावर सरकवला आणि मागच्या भिंतीकडे बोट दाखवलं. इस्पितळाच्या मदतीसाठी चालणाऱ्या त्या जुन्या सामानाच्या दुकानात मागची अख्खी भिंत पुस्तकांची होती. कादंबऱ्यांना एक फळी, स्वयंपाकाला अर्धी, क्रिकेटला अर्धी, आणि उरलेल्या सात फळ्या मन, श्वास, आतडी आणि अंतरात्मा यांना. एरल जवळ गेला. दगड सगळीकडे होते. दोन दगड, तीन दगड, ओल्या वाळूतले दगड, तळहातावर ठेवलेला एकुलता एक दगड. जिथे दगड नव्हता तिथे कमळ होतं, आणि जिथे दोन्ही नव्हतं तिथे लेखक स्वतःच हसत होता. वाराबीन गावच्या खाणीतून तिच्या भरभराटीच्या दिवसांतही इतके गुळगुळीत दगड निघाले नव्हते.

वीस मिनिटांनी तो परत आला. "पाचचं नाही त्यात."

"चारचं घे. दगड एक कमी, शांती तेवढीच."

"मस्करी नको, व्हॅल. ग्लेनिसचं आहे ते. नोव्हेंबरात मीच आणून दिलं होतं, बाकीच्या खोक्यांबरोबर."

व्हॅल हँगरला स्वेटर अडकवत होती, ती थांबली. "मग आता कशाला हवंय परत?"

एरलने शर्टाच्या खिशातून एक कार्ड काढून काउंटरवर ठेवलं. ग्लेनिसच्या पाककृतींच्या डब्यातलं होतं ते. वर ‘हिरव्या टोमॅटोचं लोणचं’ असं ठळक लिहिलेलं, आणि खाली जिथे साहित्य आणि कृती असायची तिथे एकच ओळ: निळ्या पुस्तकात, पान ६१.

व्हॅलने कार्ड दोनदा वाचलं. तिला तसं कारण होतं. वाराबीनच्या वार्षिक प्रदर्शनात लोणच्यांच्या फळीवर गेली तेवीस वर्षं पहिली यायची ती ग्लेनिस पॅस्को. दुसरी गेली अकरा वर्षं व्हॅल. त्याआधी बारा वर्षं व्हॅल तिसरी येत असे. मग दुसरी येणारी बाई वारली आणि व्हॅलला बढती मिळाली. ग्लेनिस गेल्या ऑगस्टमध्ये गेली. यंदा काय होणार हे गावात कुणी बोलून दाखवत नव्हतं, पण व्हॅलने बरण्या नवीन घेतल्या होत्या.

"तू करणार लोणचं?" ती म्हणाली. "तुला अंडं उकडता येत नाही, एरल."

"त्यात काय येत नाही? पाणी उकळलं की टाकायचं."

"थंड पाण्यात टाकायचं."

"हेच म्हणतोय मी. कुठेतरी लिहिलेलं पाहिजे." त्याने कार्ड उचलून खिशात घातलं. "प्रदर्शनाला तीन आठवडे राहिलेत. टोमॅटो वेलीवर तयार आहेत. तेवीस वर्षं पॅस्कोंची बरणी आहे त्या फळीवर, या वर्षीही राहील. नंबर येवो न येवो."

व्हॅल थोडा वेळ स्वेटरच्या बटणांशी खेळत राहिली. मग तिने कबुली दिली. लिहिलेली, खुणा केलेली पुस्तकं दुकानात ठेवायची नाहीत, सरळ रद्दीत टाकायची, हा नियम खुद्द ग्लेनिसचा. मंगळवारी दुकान तीच बघायची. त्या नियमाप्रमाणे व्हॅलने ते पुस्तक रद्दीत टाकायला घेतलं होतं. सहज उघडलं, तर पानापानावर तिचं अक्षर.

"नाही टाकवलं रे. फळीवर ठेवून दिलं."

"काय लिहिलं होतं?"

"मी दुसऱ्याचं वाचत नाही," व्हॅल ताठ होऊन म्हणाली. मग तिला स्वतःलाच ते पटेना. "चाळलं थोडं. पण एकसष्टपर्यंत गेले नाही, एवढं नक्की. पान एकसष्टवर काय आहे हे माहीत असतं तर विकलं असतं का मी?"

"कुणाला विकलंस?"

"हॅनरहनच्या गोठ्यातली ती. अनवाणी फिरते बघ. टॅम्सिन."

* * *

एरल पॅस्कोने अडतीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. सुरुवात केली तेव्हा त्याच्या फेरीत चौसष्ट गोठे होते, निवृत्त झाला तेव्हा तीन. मधल्या काळात डोंगरातल्या लोकांनी गाई विकल्या आणि गोठे शहरातल्या लोकांना विकले. ज्या गोठ्यांतून तो पहाटे दूध उचलायचा, त्या गोठ्यांत आता माणसं पैसे भरून स्वतःचा श्वास मोजत बसत. एरलला याचं काही वाईट वाटत नव्हतं. रस्ते सुधारले होते. फक्त कुणी पत्ता विचारला तर तो अजूनही गाईंच्या मालकांची नावं सांगे, आणि विचारणारा हमखास चुके.

ग्लेनिसला आजार कळला तेव्हा इस्पितळातून दोन याद्या मिळाल्या होत्या. एक औषधांची, आणि दुसरी शिफारस केलेल्या पुस्तकांची: शरीर, मन आणि एकूणच बरं वाटणं, अशी बारा पुस्तकं. ग्लेनिसने दोन्ही याद्या फ्रिजला शेजारी शेजारी चिकटवल्या. औषधं सगळी घेतली. पुस्तक मात्र यादीतलं पहिलंच घेतलं. बाराही जण तेच सांगत असणार, मग बाराजणांचं कशाला ऐकायचं, असा तिचा हिशोब. सात महिने ती स्वयंपाकघरातल्या खिडकीशी ते निळं पुस्तक आणि एक पेन्सिल घेऊन बसली. एरलने एकदाच मत दिलं होतं. तो म्हणाला होता, "थोतांड आहे सगळं." ती म्हणाली होती, "असेल," आणि पान उलटलं होतं.

त्या पुस्तकावर एरलचा राग होता असं काही म्हणता येणार नाही. पण नोव्हेंबरात त्याने खोकी भरली तेव्हा ते पहिल्या खोक्याच्या तळाशी गेलं, आणि त्यावर त्याने इस्त्री ठेवली.

* * *

हॅनरहनच्या गोठ्याच्या दारात पाटी होती: पादत्राणं, फोन आणि घाई इथे ठेवा. फोन एरलकडे नव्हता. बूट काढल्यावर कळलं की उजव्या मोज्यातून अंगठा बाहेर आला आहे. तो तसाच आत गेला. फरशी तीच होती, मधोमध पाणी जाण्याची चर तीच होती, फक्त चरीवर आता गालिचा होता. कोपऱ्यात स्टीलची दुधाची टाकी होती आणि टाकीत बर्फाच्या पाण्यात एक दाढीवाला माणूस गळ्यापर्यंत बुडून, डोळे मिटून बसला होता. टाकी चार अंशांवर ठेवत जा, असं एरलने म्हाताऱ्या हॅनरहनला किती वर्षं सांगितलं होतं. आत्ता कुठे ती चार अंशांवर आली होती.

टॅम्सिन चाळिशीची, उंच, खूप झोप झाल्यासारखी दिसणारी बाई होती. पूर्वी ती सिडनीत विमा कंपनीत होती. लोकांना काय काय होऊ शकतं हे तिथे पंधरा वर्षं सांगून झाल्यावर, आता ती त्यांना काही होणार नाही असं सांगत असे.

"निळं पुस्तक?" ती म्हणाली, आणि तिचा चेहरा उजळला. "पाच दगडांचं? या ना, या."

तिने त्याला एका फळ्यापुढे नेलं. वर लिहिलं होतं: आम्ही शिफारस करतो. खाली बारा पुस्तकांची नावं. पहिल्या नावापुढे कंसात खडूने लिहिलं होतं: फक्त ग्लेनिसची प्रत.

"या पुस्तकाच्या आणखी तीन प्रती आहेत आमच्याकडे," टॅम्सिन म्हणाली. "कोऱ्या. कुणी हात लावत नाही. लेखक चांगलाच आहे हो, पण त्याला सगळं आधीच कळलेलं आहे. ग्लेनिसला काहीच कळलेलं नाही, ती करून बघतेय. लोकांना तेच हवं असतं." मग तिने आवाज उतरवला. "आम्हाला फक्त नाव माहीत आहे. पहिल्या पानावर आहे तेवढंच. तुम्ही ओळखायचात का त्यांना?"

"थोडीफार," एरल म्हणाला.

"कशा होत्या?"

एरलने विचार केला. "वेळेवर यायची," तो म्हणाला.

मी तिचा नवरा, एवढं म्हटलं असतं तर काम तिथेच झालं असतं. पण अंगठा बाहेर आलेला असताना अनोळखी बाईपुढे ते वाक्य उच्चारणं त्याच्या जिवावर आलं. शिवाय नवरा आहे म्हणायचं की नवरा होतो म्हणायचं, हे त्याचं अजून नक्की ठरलेलं नव्हतं.

"मला फक्त एक पान बघायचंय," तो म्हणाला. "एकसष्ट."

"सगळ्यांना आधी एकच पान हवं असतं," टॅम्सिन समजुतीने म्हणाली.

मग तिने पद्धत सांगितली. पुस्तक तीन तीन आठवडे एकेकाकडे असतं. यादीत नाव घालायचं तर एका गुरुवारच्या बैठकीला यावं लागतं. तिथे ते मोठ्याने वाचतात. सध्याची पाळी संपत आली आहे, गुरुवारी पुस्तक बैठकीत येईल. यादीत आत्ता नऊ नावं आहेत.

एरलने मनातल्या मनात नवाला तिनाने गुणलं. प्रदर्शन तीन आठवड्यांवर होतं.

"दोस्ता," टाकीतला माणूस डोळे न उघडता म्हणाला, "घाई दाराशी ठेवायची असते."

"हा रिव्हर," टॅम्सिन म्हणाली. रिव्हरच्या आईने त्याचं नाव ग्रॅहम ठेवलं होतं, पण तिला तेव्हा त्याच्या आतल्या प्रवाहाची कल्पना नव्हती.

* * *

गुरुवारी एरल नवे मोजे घालून गेला. दहा-बारा माणसं जमिनीवर उशांवर गोल बसली होती. एरलचे गुडघे त्या उंचीवरून परत येण्यातले नव्हते, म्हणून त्याला दुधाच्या बाटल्यांचा उलटा क्रेट देण्यात आला. त्यावर बसल्यावर त्याला जरा बरं वाटलं. शेजारी एक तिशीची मुलगी होती, जोसी. डोक्याला सुती रुमाल घट्ट बांधलेला, भुवया पेन्सिलीने काढलेल्या, हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतलेले. एरलने तिच्याकडे एकदा पाहिलं आणि मग मुद्दाम दुसरीकडे पाहत राहिला.

टॅम्सिनच्या मांडीवर निळं पुस्तक होतं. कोपरे मऊ झाले होते. एरलला ते आठवत होतं त्याहून लहान वाटलं.

"पान तीस," टॅम्सिन म्हणाली. "आधी लेखक. ‘आपल्या घरातल्या एका अडथळ्याकडे आज प्रेमाने पाहा.’ आता ग्लेनिस." तिने घसा साफ केला. "‘ई. चिखलाचे पाय घेऊन आत आला. परत. प्रेमाने पाहिलं. फरशी मीच पुसली.’"

सगळे समाधानाने हसले. कुणीतरी "वा" म्हणालं. एरल आपल्या मोज्यांकडे बघत होता.

"मी मागेच म्हटलं होतं," केसांत पिसं खोवलेली एक बाई म्हणाली, "ई. म्हणजे तिचा कुत्रा."

"अहो, नवरा असेल," टॅम्सिन म्हणाली.

"पान चोवीस आठवा. ‘ई. ला उन्हात बसवलं. तासभर गप्प बसला.’ नवरा बसेल असा? आणि ती पान एकोणचाळीसवरची टीप, ‘ई. ला डॉक्टरकडे न्यायचं तर आधी फसवून गाडीत बसवावं लागतं.’ कुत्राच आहे. लॅब्राडोर असणार."

"ई. बाहेर कुणी नाहीच," रिव्हर म्हणाला. तो आज कोरडा होता, त्यामुळे अनोळखी वाटत होता. "ई. हे ग्लेनिसचंच मन आहे. मनाचा अडेल भाग. चिखल तोच आणतो."

"आणि फरशी?" जोसीने विचारलं.

"फरशीही मनच."

"मग पुसली कुणी?"

रिव्हरने डोळे मिटून घेतले. हा प्रश्न त्याला नंतर बर्फात बसून सोडवायचा होता.

टॅम्सिनने काही पानं उलटली. "बावन्न. इथे टिपा बऱ्याच आहेत. लेखक म्हणतो, ‘एक आवाज निवडा. रोज तोच ऐका. त्यात अर्थ शोधू नका.’" आणि मग ती ग्लेनिसचं वाचू लागली, एकेक ओळ, मध्ये थांबत, जशा त्या पानाच्या कडेने खाली उतरत गेल्या होत्या.

"‘बाथरूममध्ये ई. दाढी करतोय. शेवटी रेझर बेसिनवर आपटतो. इतकी वर्षं ऐकते आहे, आज मोजलं. तीनदा.’

"‘तीन.’

"‘तीन. मधला जरा जोरात.’

"‘पाहुण्यांचा गलका, तरी ऐकू आलं. तीन.’

"‘आज दोनच. मग नळ बराच वेळ चालू. त्याआधी फोन वाजला होता. दवाखान्याचा असणार. मला सांगत नाहीये. मी विचारणार नाही. त्याला वेळ लागतो.’

"‘दोन.’

"‘तीन. मग बाहेर आला आणि सांगितलं. मला आधीच कळलं होतं हे त्याला कळू दिलं नाही. चहा केला.’"

टॅम्सिन थांबली. छपरावरच्या पत्र्यावर एक पक्षी चालत होता, त्याची नखं ऐकू येत होती.

"म्हणजे कुत्रा नाही," पिसांची बाई हळूच म्हणाली.

"किती दिवस नाही सांगितलं त्याने?" जोसीने विचारलं. तिने ते टॅम्सिनला विचारलं होतं. टॅम्सिनने पान जवळ धरून पाहिलं. "तारखा नाहीत इथे."

"दोन," एरल म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मंगळवारी सकाळी फोन आला. गुरुवारी सांगितलं." त्याचा आवाज पत्ता सांगतानाचा होता. "बुधवारी सांगणार होतो. बुधवारी तिची बहीण आली होती, मग राहिलं."

रिव्हरच्या चेहऱ्यावर हळूहळू काहीतरी उमटत गेलं.

"म्हणजे दोस्ता, तू..."

"कुत्रा नाही," एरल म्हणाला.

हसावं की नाही हे कुणालाच ठरवता येईना. पिसांची बाई दोन्ही हात तोंडावर ठेवून "माफ करा हो, माफ करा," म्हणत राहिली. एरल तिला म्हणाला, "उन्हात बसवायची ती, ते खरं आहे." तेवढ्याने ती रडायलाच लागली.

टॅम्सिन उठली आणि तिने पुस्तक आणून त्याच्या गुडघ्यावर ठेवलं. "हे तुमचं आहे. घेऊन जा. आम्हाला माहीत नव्हतं."

एरलने पाच दगडांवर हात ठेवला. हे पुस्तक परत मिळेल का, मिळालं तर प्रदर्शनाआधी मिळेल का, यावर त्याने गेले आठ दिवस काढले होते; आणि आता ते मिळालं होतं, अगदी फुकट. त्याने फळ्याकडे पाहिलं. यादीत सर्वांत वरचं नाव होतं जोसी. जोसी पुस्तकाकडे बघत नव्हती. फार काळजीपूर्वक बघत नव्हती.

"आता तुझी पाळी होती ना?" त्याने विचारलं.

"असू दे हो. तुमचं आहे ते."

"कितवं चाललंय तुझं?" त्याने हनुवटीने तिच्या रुमालाकडे दाखवलं. इतक्या दिवसांत तिला कुणी हे असं सरळ विचारलं नसावं. ती जरा दचकली आणि मग सैल झाली.

"चौथं. सहापैकी."

"चौथ्यानंतर तोंडाची चव जाते."

"गेली. सगळं पत्रा चाटल्यासारखं लागतं. पाणीसुद्धा."

"पाणी तर जास्तच," एरल म्हणाला. "तिला लोणचं लागायचं. तेवढंच लागायचं. बाकी सगळं मी खायचो आणि वजन माझं वाढायचं."

जोसी हसली. एरल क्रेटवरून उठला. त्याला दोन प्रयत्न लागले आणि रिव्हरचा खांदा लागला.

"पुढच्या गुरुवारी आणून देतो," तो टॅम्सिनला म्हणाला. "लोणच्याला आठवडा पुरतो. मग हिला द्या. यादीत माझं नाव शेवटी घालून ठेवा, सगळ्यांचं झालं की परत घेईन."

"पूर्ण नाव काय लिहू?" टॅम्सिनने खडू उचलला.

"ई. लिहा," एरल म्हणाला. "ओळखतात."

* * *

शनिवारी सकाळी दाढी करताना एक अडचण आली. रेझर आपटण्याची वेळ झाली आणि एरलचा हात हवेतच थांबला. इतकी वर्षं जे हात आपोआप करत होता ते आता मोजल्याशिवाय होईना. एक झाला, दोन झाले, तिसरा जरा जास्तच जोरात झाला. मग तो उगाच थोडा वेळ तिथेच उभा राहिला. स्वयंपाकघरातून काही आवाज आला नाही.

टोमॅटो त्याने आदल्या दिवशीच उतरवले होते आणि कांद्यांबरोबर चिरून रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवले होते, पुस्तकात सांगितलं होतं तसं. पान एकसष्टवर लेखकाच्या वाट्याला फक्त तीन ओळी उरल्या होत्या. ‘रोजचं एक काम निवडा. आज ते पहिल्यांदाच करतो आहोत असं करा. जे जे केलं ते लिहा.’ ग्लेनिसने लिहिलं होतं. कृती वरच्या कडेला सुरू होऊन उजवीकडून खाली उतरली होती, तळाशी वळली होती आणि डावीकडून परत वर चढली होती, त्यामुळे वाचताना एरलला पुस्तक टँकरच्या चाकासारखं फिरवावं लागत होतं. व्हिनेगर किती, साखर किती, मोहरीची पूड, हळद, करी पावडर. करी पावडरपुढे लिहिलं होतं: निळ्या डब्यातली, व्हॅल पिवळ्या डब्यातली वापरते, तिला सांगायचं नाही.

साडेदहाला फोन वाजला.

"सापडलं?" व्हॅलने विचारलं.

"सापडलं."

"आणि पान?"

"तेही आहे."

"एकच सांग. एकच. करी पावडर की..."

"नाही सांगणार."

"मरा तुम्ही दोघं," व्हॅल म्हणाली. मग नाक शिंकरल्याचा आवाज आला. "यंदा मी पहिली आले ना, तर मला मुळीच मजा येणार नाहीये, एरल. एवढं लक्षात ठेव."

"तू नाही येणार पहिली," एरल म्हणाला. तिला बरं वाटावं म्हणून म्हणाला, आणि तिला वाटलंही.

फोन ठेवून तो शेगडीशी आला. पातेल्यात लोणचं रटरटत होतं, पिवळं, दाट. वास बरोबर येत होता. इतका बरोबर की त्याने खिडकी उघडायला घेतली आणि मग तशीच राहू दिली. त्याने पुस्तक शेवटचं फिरवलं. पानाच्या डाव्या कडेला, अगदी वर, जागा संपत आली तिथे बारीक अक्षरात उरलेलं होतं.

‘मीठ शेवटी परत बघायचं. माझं मला कधीच कळत नाही. ई. ला चमचाभर द्यायचं. तो ठीक आहे म्हणाला की अजून एक चिमूट. त्याला चाखायला दिल्याशिवाय एकदाही केलेलं नाही. त्याला वाटतं लाडाने देते.’

एरलने ते उभ्यानेच दोनदा वाचलं. पुस्तक मिटून ओल्या ओट्यापासून लांब, खिडकीजवळच्या खुर्चीवर ठेवलं. ड्रॉवरमधून चमचा काढला. पातेल्यातलं थोडं घेतलं, फुंकर घातली, परत घातली, आणि तोंडात घालून तेवीस वर्षं चाखायचा तसं, विशेष लक्ष न देता चाखलं.

"ठीक आहे," तो खुर्चीकडे बघून म्हणाला.

थोडा वेळ तो चमचा हातात धरून उभा राहिला. मग पुढचं कामही आता त्याच्याचकडे होतं म्हणून, त्याने मिठाच्या बरणीत दोन बोटं घातली.